कुंकू लावलेली विलायती बाई

भिंतीवर लावायच्या जुन्या तबकड्या जमवायचा मला नाद आहे. प्लास्टिक यायच्या आधीच्या. लाख आणि लाकडाचा भुसा साच्यात दाबून केलेल्या. अंगठ्याने घासायची, गरम झाली की हुंगायची. लाखेचा वास आला की माल अस्सल.

परवा जुन्या बाजारात एक तळहाताएवढी मिळाली. तिच्यावर अंबाडा घातलेली विलायती बाई. याच साच्यातली एक माझ्याकडे आधीपासून आहे, पण हिच्या कपाळावर कुंकवाचा जाड थर होता.

"आमच्या सासूबाईंची देवी हो," विकणाऱ्या मावशी म्हणाल्या. "कुठली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण हिला कुंकू लावल्याशिवाय कधी चहा घेतला नाही त्यांनी. त्या गेल्या, आता कोण करणार? तुम्ही जपाल, असं वाटलं."

घरी येऊन जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि कुंकू काढायला मऊ ब्रश घेऊन बसलो. साच्यातून निघाल्या तेव्हा दोघी जुळ्याच असणार. माझ्या कपाटातलीचं नाक अजून धारदार आहे. हिचं मात्र रोजच्या बोटांनी झिजून गोल झालंय, घरातल्या एखाद्या आत्यासारखं. सवयीने अंगठा घासून हुंगलं. लाखेचा वास आलाच नाही. तेलाचा आणि कापराचा आला.

ब्रश ठेवून दिला. उठताना चुकून तबकडीला पाय लागला, आणि ही विलायती बाई आहे हे आठवायच्या आत माझा हात तिला लागून छातीशी गेला.