अप्पांचा आवाज मिलमध्येच राहिला

"काका, स्पीकरचं चित्र तर दिसतंय. मग आवाज का येईना?"

ज्योती दुकानातल्या स्टुलावर बसली होती. उमरीहून, सासरहून आली होती आणि येताना एक फ्लॉपी रुमालात गुंडाळून आणली होती. लातूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. असल्या पुराणवस्तूंसाठी एक जुना कॉम्प्युटर मी अजून चालू ठेवलाय. बायको म्हणते, भंगारात घाला. घालणार नाही! त्यावर फ्लॉपी उघडली तर ज्योतीचा लग्नाचा बायोडाटा पडद्यावर आला. कोपऱ्यात इवलासा स्पीकर. त्यावर डबल क्लिक केलं की मशीन म्हणायचं, फाईल सापडत नाही.

हा बायोडाटा मीच केलेला, तिच्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या दाल मिलमध्ये. तेव्हा विंडोज नवीन होतं. कागद टाईप करायचा आणि त्यातच रेकॉर्ड केलेला आवाज घालायचा, ही सोय बघून मी स्वतःच हरखून गेलो होतो. अप्पांना दाखवली. अप्पा म्हणजे तूरडाळ सोडून जगात कशाचं कौतुक न करणारा माणूस. पण हे त्यांना लई आवडलं. म्हणाले, शिक्षण-उंची कागद सांगंल, बाकीचं मी सांगतो. मला केबिनबाहेर काढलं, दार लावलं आणि एकटेच माईकसमोर बसले. काय बोलले ते मला ठाऊक नव्हतं.

कागदात आवाज घालायचे दोन प्रकार असतात. एक एम्बेड, म्हणजे आवाज कागदाच्या पोटातच बसवायचा. दुसरा लिंक, म्हणजे कागदावर फक्त आवाजाचा पत्ता, आवाज आपल्या जागी. अप्पांना सगळं नंबर एक क्वालिटीचं लागायचं, डाळ काय आणि आवाज काय. तशा क्वालिटीत रेकॉर्डिंग इतकं मोठं झालं की फ्लॉपीत मावेना. मी म्हणालो, क्वालिटी कमी करू. ते म्हणाले, अजिबात न्हाई. मग लिंकच करावी लागेल, आवाज मिलमधल्या कॉम्प्युटरवरच राहील, असं सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं.

"ऱ्हाऊ दे की. पोरगी बघाय पाव्हणे इथंच येणार न्हवं? इथं ऐकतील."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. पण पाहुण्यांकडे गेल्या त्या कागदी प्रिंटा, कोपऱ्यात स्पीकरच्या चित्रासकट. निलंग्याच्या एकांनी तर पोरगी रेडिओवर गाते का म्हणून विचारलं. उमरीचे पाहुणे आले, पोहे खाल्ले, पोरगी पसंत पडली. त्या दिवशी नेमकी लाईट नव्हती. लग्न ठरलं आणि आवाजाचा विषय राहून गेला.

पुढे अप्पांना लकवा झाला आणि त्यांची वाचा गेली, तीही मोबाईल यायच्या आधी. मागच्या पावसाळ्यात ते गेले. त्यांचा आवाज ना कुठल्या फोनमध्ये ना कॅसेटमध्ये.

"अप्पा माझ्याशी कामापुरतंच बोलायचे," ज्योती म्हणाली. "माझ्याबद्दल लोकांना काय सांगितलं, तेवढं ऐकायचंय, काका. लई आठवण येते."

मी विचारलं, मिलमधल्या त्या कॉम्प्युटरचं काय झालं? ती म्हणाली, आहे की, पूजेत आहे.

मिलवर गेलो. मिल आता तिचा थोरला भाऊ महालिंग बघतो. ऑफिसच्या कोपऱ्यात पाटावर मिलचा पहिला तराजू आणि शेजारी पहिला कॉम्प्युटर. डब्यावर भस्माचे तीन पट्टे, वर वाळलेला हार आणि फ्लॉपीच्या फटीत खोचलेल्या उदबत्त्या! मी कपाळाला हात लावला. दर दसऱ्याला त्या फटीत उदबत्त्या जळत होत्या. आतून राख निघाली, अक्षता निघाल्या. फ्लॉपी ड्राइव्ह कधीच वारला होता. पण हार्ड डिस्क पत्र्याच्या बंद डबीत असते, त्यामुळे मला आशा होती.

महालिंगला डबा उघडणं पसंत नव्हतं. पूजेतली वस्तू, खोलून मोडली तर? म्हणाला, अप्पांनी हात लावलेलं आता एवढंच उरलंय. त्याचंही खोटं नव्हतं.

"अण्णा, तुला अप्पा बारा महिने मिलमध्ये दिसायचे," ज्योती म्हणाली. "मला दिवाळीला दिसायचे."

महालिंग बराच वेळ हार काढत बसला. मग मला म्हणाला, चप्पल बाहेर काढून या.

अनवाणी बसून डिस्क काढली, अडॅप्टरनं लॅपटॉपला जोडली. आधी नुसती कुरकुरली. मग फिरायला लागली. ज्योतीच्याच नावाची फाईल होती. मी प्ले केली.

मागे मिलची घरघर. खाकरणं. मग अप्पा.

"नमस्कार. कागदावर सैपाक येतो म्हणून लिवलंय. ते तिच्या आईनं लिवायला लावलंय, तेवढा काय येत न्हाई. हिशोब पक्का हाय. पोरगी गुणाची हाय. रागावली की जेवत न्हाई. तवा एकदा इचारून सोडू नका. दुसऱ्यांदा जेव म्हणा, लगेच उठती. मी तसंच करतो. आन् आणखी एक..."

इथं संपलं. त्या काळचा रेकॉर्डर मिनिटभरानं आपोआप थांबायचा. अप्पांना ते कळलं नसणार, ते पुढे बोलत राहिले असणार. काय बोलले असतील, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

ज्योती रडता रडता हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "सासरची माणसं चांगली हायत, काका. पण तिथं एकदाच इचारतात."

मी फाईलच्या कॉप्या केल्या, दोघांच्या फोनमध्ये घातल्या. महालिंगनं डबा परत पाटावर ठेवला. उदबत्ती यापुढे बाजूच्या वाटीत लावायची, एवढं मी बजावलं.

तेवढ्यात महालिंगच्या घरून जेवायचा निरोप आला. ज्योती म्हणाली, नको, उमरीची गाडी चुकेल. महालिंग दारापर्यंत गेला. तिथून वळून परत आला.

"जेवून जा, ज्योती."

ती उठली.

माझ्या धंद्याचा धडा इतकाच. आवाज कागदातच एम्बेड करून द्यावा, मग फ्लॉपी दोन लागल्या तरी चालतील. नुसता पत्ता दिला, तर माणसं तिथवर पोचायला फार वर्षं लावतात.