मेंढीचं नाव
भिजलेल्या घोंगडीचा वास आला की मला नातीची ऑनलाइन परीक्षा आठवते. आमच्या वायफायचा पासवर्ड होता कुलदैवताचं नाव, अन् दैवत अख्ख्या वाडीचं एकच, त्यामुळं सगळी वाडी आमच्याच नेटवर. आदल्या दिवशी सराव पेपर मधेच अडकला, पोर रडकुंडीला आली. मी म्हटलं, “रडू नको, आत्ता बदल.” माहेराहून आणलेल्या माझ्या मेंढीचं नाव तिला आकडे घालून टाकायला लावलं. सकाळी शेजारचे भाऊजी पावसात भिजलेली घोंगडी पांघरून ओट्यावर हजर. “वैनी, नेट नाय लागत.” “चहा घ्या भाऊजी. नेट आता घरापुरतंच.” पेपर नीट पार पडला. नात आता नोकरीला आहे, सुट्टीला आली की विचारते, “आजी, सध्या कोणती मेंढी?” दर दिवाळीला मी नाव बदलते, अन् कळप माझा लई मोठा होता.