चिकू झाडावर पिकत नाही

मी निघाले त्या सकाळी डहाणूच्या आमच्या घरासमोर रिक्षा उभी होती आणि आई परसातल्या चिकूखाली. बॅगा रिक्षात चढल्या, बाबांची प्रार्थना झाली, तरी ती येईना. एकेका फळाची साल नखाने जराशी खरवडून बघत होती. आत हिरवं दिसलं की फळ फांदीला तसंच ठेवायचं, पिवळसर दिसलं की खुडून ओच्यात. "कडक आहेत गं, पण तू पोचशील, कामाला लागशील, तोवर होतील," म्हणाली. डब्लिनला फळं नेऊ देत नाहीत हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही. विमानतळावर सोडायला आलेल्या मामेभावाच्या हाती ते पुडकं मी गुपचूप दिलं. काही दिवसांनी त्याचा मेसेज आला, "ताई, साखर आहेत नुसती!" तेव्हा मी परक्या खोलीत हीटरला पाठ लावून बसले होते. माझे चिकू माझ्याशिवाय गोड झाले, याचं मला वेड्यासारखं रडू आलं.

बाबा मूळचे नगरकडचे. रेल्वेच्या नोकरीपायी डहाणूला आले आणि जवळच्याच रानशेत गावातल्या आईशी लग्न करून इथलेच झाले. त्यांना कशातही प्रभूची शिकवण सापडायची. कंदील पुसताना सापडायची, चप्पल तुटली तरी सापडायची. "लाल सिग्नलला उभी राहिलेली गाडी रद्द झालेली नसते, लेकरा," असं ते मी परीक्षेत नापास झाले त्या दिवशी म्हणाले होते. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुमचं प्रवचन संपेपर्यंत माझी डाळ लागेल खाली!" आणि खरंच लागायची.

चिकूने मात्र बाबांनाच शिकवलं. झाडाला पहिल्यांदा फळं धरली तेव्हा चर्चमधला कापणीचा सण जवळ आला होता. त्या दिवशी मंडळीतला जो तो आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतो. बाबांनी आईला फळांना हात लावू दिला नाही. "देवाला कच्चं द्यायचं? झाडावरच पिकू दे चांगलं." आई म्हणाली, "अहो, चिकू उतरवल्याशिवाय पिकत नाही, खालीच पिकवावा लागतो." पण नगरचा माणूस कुठला ऐकायला! वटवाघळांनी आणि खारींनी यथेच्छ सण साजरा केला. उरलेले गळून पडले, त्यांना मुंग्या लागल्या. सणाच्या दिवशी कुणी भाताच्या लोंब्या आणल्या, कुणी काकड्या, उधवा गावच्या एका काकांनी तर पाय बांधलेला कोंबडा आणला. आमची टोपली रिकामी. बाबा ती तशीच वेदीपुढे ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "मी देवासाठी राखून ठेवलं आणि वटवाघळांना जेवू घातलं. देव आधी उतरवतो, मग गोड करतो, हे मला आज कळलं." सगळे हसले. आई सर्वांत जास्त हसली.

तुम्ही जे गावीच आहात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघालात, त्या सगळ्यांना सांगते, परदेशातली कितीतरी वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. इथल्या चर्चमध्येही कापणीचा रविवार असतो. वेदीपुढे वाटाण्यांचे आणि सूपचे डबे रचलेले असतात, गरजूंना वाटायला. मी दोन डबे ठेवते, डोळे मिटते, आणि कुठूनसा भाताच्या पेंढ्याचा वास येतो. कधी शिफ्ट संपवून बसमध्ये बसले की काचेवरच्या धुक्यात डहाणूजवळच्या आगरचा किनारा दिसतो, वाळत घातलेल्या मासळीसकट. मग स्टॉप येतो. मी उतरते, आणि उतरताना बाबा आठवतात.

बाबा गेल्यावर आई त्या घरात एकटी राहिली. तिचे गुडघे गेले होते, आणि ती परसात पडली तर कुणाला कळणारही नाही, या विचाराने माझी झोप उडाली. मी तिच्या व्हिसाचे कागद जमवले, तिकीट बघितलं, खोली रंगवली. फक्त तिचा होकार उरला होता. तो मिळेना, तेव्हा फोनवर मी बाबांचंच वाक्य पुढे केलं. "आई, उतरवल्याशिवाय गोडी येत नाही ना? मग ये की."

फोनमध्ये तिच्या मागे कावळा ओरडत होता.

"बाय, उतरवतात ते फळ," ती म्हणाली. "झाड कुणी उतरवतं का? तू ये. पिकायला नको, सावलीत बसायला ये."

मला राग आला, खूप आला. दोन रविवार मी फोन केला नाही. तिसऱ्या रविवारी तिच्या तिकिटासाठी ठेवलेल्या पैशांत माझंच डहाणूला जायचं तिकीट काढलं.

कापणीच्या सणाच्या आदल्या दिवशी मी घरी पोचले. परसात आता एक दणकट काठी टेकवून ठेवली होती आणि शेजारची सुनीता सकाळ-संध्याकाळ डोकावून जात होती. माझ्या काळजीचं ओझं थोडं तरी कमी झालं. सगळं नाही. आई ओट्यावर टोपलीतले चिकू अंगठ्याने हलकेच दाबून बघत होती. मऊ झालेले सणासाठी वेगळे काढत होती. मी शेजारी बसले. तिने टोपलीतला हात काढला, माझा हात हातात घेतला आणि तळव्यावर तसाच अंगठा दाबला.

"झालीस गं," म्हणाली.

परतीच्या दिवशी तिने मला चिकू बांधून दिले नाहीत. ओट्यावरच बसवून एक सोलून भरवला. घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मी डहाणूही म्हणत नाही आणि डब्लिनही म्हणत नाही. जिथून मला खुडलं, ते झाड अजून उभं आहे. खाली एक बाई काठी टेकून बसली आहे, आणि मी पिकले की नाही हे तिलाच कळतं.