चंपाआत्याच्या पंगतीतलं ‘नको’

आमच्या चिकोडीकडच्या पंगतीत पहिलं ‘नको’ कुणी ऐकत नाही. दुसरं नुसतं रिवाजाचं. माझ्या चंपाआत्याचा हात तर तिसऱ्यालाही थांबत नसे. माणसं ताटावर आडवी पडत, आणि ती बोटांच्या फटीतून पोळी सरकवी. त्याचा तिला भारी तोरा होता.

गेल्या वर्षी तिच्या मुलीचं, दिव्याचं, लग्न झालं आणि जावई जिनदत्त निपाणीहून पहिल्यांदा जेवायला आला. शेंगापोळी बघून त्याने हात जोडले. “मला शेंगदाणा सोसत न्हाय, मामी. ओठ खाजतात.”

“लाजतोय बघा!” म्हणत आत्याने तुपात बुडवलेला घास त्याच्या तोंडाशी नेला. सासूच्या हातचा घास चारचौघांत नाकारणार कसा? बिचाऱ्याने गिळला.

थोड्याच वेळात त्याच्या अंगावर गांध्या उठल्या. पित्त उठलंय, असं आम्ही एकमताने ठरवलं. अशा वेळी आमच्यातला प्रत्येक जण डॉक्टर असतो! आत्या आमसुलाचं पाणी चोळू लागली. तेवढ्यात जिनदत्तला उलटी झाली. “घसा आवळतोय,” तो म्हणाला. आवाज घोगरा, ओळखू न येणारा, आणि श्वासाला शिट्टी.

आत्याचा हात थांबला. “पित्तानं आवाज असा जात न्हाय! सन्मती, गाडी काढ रं!”

मी गाडी काढली. वाटभर ती एकच म्हणत होती, “माझ्या हातानं भरवला रं.” मला तिचा राग येत होता आणि कीवही.

डॉक्टरांनी आधी मांडीत इंजेक्शन दिलं, प्रश्न नंतर विचारले. हळूहळू जिनदत्तचा श्वास मोकळा झाला. “ही ॲलर्जी,” डॉक्टर म्हणाले. “गांध्यांबरोबर आवाज बसला, धाप लागली, उलटी किंवा चक्कर आली, तर घरी आमसूल चोळत बसू नका. तडक दवाखाना गाठा.” त्रास पुन्हा उलटू शकतो म्हणून त्यांनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं.

परवा दिव्याच्या डोहाळजेवणात आत्या खव्याची पोळी वाढत होती. शेजारच्या नागेंद्रअण्णांनी रिवाजाप्रमाणे ताटावर हात धरला, पोळीपुरती फट ठेवून. “नको, आक्का.”

आत्या पुढे गेली. अण्णा रिकाम्या ताटाकडे बघतच राहिले.

“आक्का, जरा आग्रह तरी कर की!”

“नको म्हणालास न्हवं?”

शेजारी जिनदत्तने ताट पुढे केलं. “मामी, मला वाढा.”

“आदी ऐक,” आत्या म्हणाली. खवा, साखर, वेलदोडे, सगळं तिने सांगितलं आणि त्याने होकाराची मान हलवल्यावरच पोळी वाढली. त्याने ती संपवली आणि आणखी एक मागितली. आत्याचे डोळे भरले. अण्णांना मात्र मागितल्यावरच मिळाली.