बंद गाडीचा उजेड

मोटारसायकलच्या पोटात दोन संसार असतात, हे कळायला मला एक दुकान घालवावं लागलं. आता नातवंडं नव्या गाड्यांना मोबाइलचा चार्जर, धुक्यातले दिवे असं कायकाय लावून आणतात आणि म्हणतात, "आजी, हे इलेक्ट्रॉनिक आहे, तुला नाही कळायचं." मी मान डोलावते. तरी कनेक्शन कुठल्या वायरीवरून घेतलंय, एवढं विचारल्याशिवाय राहवत नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. बोईसरहून सरावलीकडे जाताना रस्त्यालाच लागून आमचं घर, आणि पुढच्या खोलीत नवऱ्याचं दुकान. बॅटऱ्या चार्ज करायच्या, गाड्यांचं वायरिंग करायचं. त्या वर्षी नवरा एका कारखान्यात कायम झाला. पाळ्या सुरू झाल्या, दुकानाला माणूस उरला नाही. सासूबाईंनी चार दिवसांत भाडेकरूही शोधला. कापडाचे तागे विकणारा, स्वच्छ कपड्यातला, हळू बोलणारा माणूस. ऍसिडच्या वासाला त्या कंटाळल्या होत्या.

मी म्हटलं, दुकान मी चालवते.

म्हणजे मी नव्हे, ती. बत्तीस वर्षांची ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही. नवऱ्याच्या हाताखाली तीन वर्षं वायरी सोलून तिला वाटायला लागलं होतं की वीज आपली मावसबहीण आहे. अंबाड्यात टेस्टर खोचून फिरायची. घरातल्या बोर्डाला लावला की ज्याच्या पोटात लाल दिवा लागतो, तो टेस्टर. मोटारसायकलच्या बारा व्होल्टला तो कधीच लागत नाही. हे तिला माहीत नव्हतं, त्यामुळे पहिल्याच गिऱ्हाइकाला तिने ठणकावून सांगितलं, "तुमच्या गाडीत करंटच नाही." गाडी त्याच क्षणी त्याच्याखाली सुरू होती. नवऱ्याने हसू दाबत तिच्या हातात एक छोटा बल्ब दिला, दोन वायरी जोडलेला, एका टोकाला पिन. "हा लाव. अंबाड्यातलं राहू दे, शोभतं."

नवऱ्याने अट घातली. दसऱ्यापर्यंत दुकान तुझं. तुझ्या हातची एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही, तर पुढेही तुझं. एक जरी आली, तर खोली कापडवाल्याला. सासूबाईंनी ही अट तुळशीपुढे मान्य करून घेतली. दोघांकडून.

पहिला दीड महिना निभावला. ब्रेकचे दिवे, हॉर्नची बटणं, इंडिकेटर. कारखान्यांतले भय्ये गाडी घेऊन यायचे, आधी आत डोकावून "भैया नहीं हैं?" विचारायचे आणि मग नाइलाजाने तिच्या स्वाधीन व्हायचे. एकही परत आला नाही. ती दिवस मोजत होती आणि सासूबाईही.

अशात माझ्या माहेरच्या गावचा एक मामा आला. तारापूरकडच्या किनाऱ्यावरचा, नात्याने लांबचा, पण गावातला प्रत्येक पुरुष मामा नाहीतर काका असतोच. सगळा जन्म होडीवर गेलेला माणूस. गुडघे दुखायला लागले तशी पोरांनी त्याला नवी मोटारसायकल घेऊन दिली होती. मागे टोपली बांधून तो सरावलीला मासळी आणायचा. पाळी सुटून कामगार घरी येतात त्या वेळेला, चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत.

"बाय गो, ही गाडी खोटी हाय," तो म्हणाला.

"काय झालं, मामा?"

"चालू हाय तवर लाईट देते. बंद केली का लाईट मरते. आता मी इंजिन चालू ठेवून मासळी विकू? सगला धूर बोंबलांवर."

"सगळ्या नव्या गाड्यांना असंच असतं."

"मग नव्या गाड्यांना अक्कल नाय. आमची होडी बघ. इंजिन बंद करून दर्यात पडून राहिलो तरी लाईट जलते. तुझ्या बापाने लावलेली लाईट हाय ती, ठावं हाय ना?"

बापाचं नाव निघालं आणि तिची छाती फुगली. होडीवरचं वायरिंग तिने लहानपणी बापाशेजारी बसून पाहिलं होतं. बॅटरी, बॅटरीवरून वायर, वायरीवर दिवा. त्यात न कळण्यासारखं काय आहे? गाडी बनवणाऱ्याने दिव्याची वायर बॅटरीवर न नेता उगाच इंजिनाकडे नेली आहे, असा तिने निकाल दिला. गाडी बनवणाऱ्याचीच चूक सापडली, या आनंदात तिने ती वायर तोडली आणि बॅटरीवर आणून जोडली. वर मामाच्या सांगण्यावरून सुरात वाजणारा एक हॉर्नही बसवला, म्हणजे चाळीतल्या बायकांना मासळी आल्याचं घरात बसून कळेल.

किल्ली फिरवली. इंजिन बंद, आणि पुढचा दिवा लख्ख. रस्त्यावरचा एक भय्या थांबून म्हणाला, "भाभी, क्या लाइट निकाला है!" मामाने हॉर्न तीनदा वाजवला. सासूबाई आतून ओरडल्या, "कोणाची वरात आली गो?"

आठ दिवस गेले. मामाची गाडी काही परत आली नाही. गणपती गेले होते, मासळीला गिऱ्हाईक चांगलं होतं. त्या बाईचा फुगा आता छताला टेकला होता. तिला वाटलं, सासूबाईंना आपला उजेड एकदा प्रत्यक्ष दाखवावा, म्हणजे कापडवाला आपोआप पडेल. संध्याकाळी ती त्यांना म्हणाली, "आई, चला, सरावलीला जाऊ. मासळी आणू. माझी लाईटही बघाल." सासूबाईंनी पिशवी घेतली आणि निघाल्या. मासळीसाठी त्या कुठेही येत.

चाळींजवळ पोहोचलो तेव्हा अंधारत आलं होतं. हॉर्नचा सूर कुठे ऐकू येईना. त्याऐवजी कोणीतरी पत्रा बडवत होतं. पुढे गेलो तर मामा. एका हातात डब्याचं झाकण, एका हातात चमचा. गाडीच्या हँडलला घासलेटचा कंदील टांगलेला.

सासूबाईंनी कंदिलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाच का गो तुझा उजेड?"

मामा घाईघाईने मधे पडला. "लाईट झकास हाय, विहीणबाय! पण लय ढवली पडते. कंदिलात मासलीचा डोला खरा दिसतो. गिऱ्हाईकच बोलतात, कंदील लाव."

"आनि ह्यो हॉर्न?" सासूबाईंनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"तो मी वाजवत नाय. त्या खोलीत बालंतीन हाय ना. पोर दचकतं."

बाळंतिणीसाठी पत्रा बडवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याच्या डाव्या गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं. विचारलं तर म्हणाला, ओट्यावरून पडलो. घरी कसे जाता विचारलं तर म्हणाला, तारापूरच्या पॉवर हाऊसच्या कॉलनीची बस असते, तिच्या मागच्या लाल दिव्यामागून जातो, डायवर ओलखीचा हाय. बोलून गेला आणि मग जीभ चावली.

येताना सासूबाई पिशवी घेऊन माझ्या पुढे चालत होत्या. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांचं माहेरही किनाऱ्यावरचंच. आमच्याकडे गावच्या लेकीच्या सासरी तक्रार घेऊन जात नाहीत. लेकीने पाठवलेला लाडू कडू लागला तरी निरोप गोडाचाच जातो. मामाला अटीचं माहीतसुद्धा नव्हतं. तो फक्त रीत पाळत होता आणि अंधारातून घरी जात होता.

घर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पावना गप हाय, तर मी कोण बोलणार? तुझं तू बघ."

खोली कापडवाल्याला मिळावी म्हणून तुळशीपुढे उभी राहिलेली बाई हे म्हणत होती. मला ते तेव्हा उमजलं नाही. ती बत्तीस वर्षांची बाई तर खूश झाली. अट काय होती? गाडी तक्रार घेऊन परत आली तर. तक्रार आहे का? नाही. गाडी परत आली आहे का? नाही. दसऱ्याला अकरा दिवस राहिले होते. तिने ठरवलं की दसरा झाला की दुसऱ्या दिवशी मामाला बोलावून सगळं निस्तरायचं. दोन दिवस ती या हिशेबात मजेत होती. जेवली, झोपली, टेस्टर खोचून फिरली. लाज वाटली असं लिहायचा मोह होतो, पण खोटं कशाला लिहू?

तिसऱ्या संध्याकाळी ती दुकानाच्या दारात उभी होती. कॉलनीची बस रोज समोरून जायची आणि गेले दोन दिवस तिच्या मागे एक बिनदिव्याची मोटारसायकल जाताना तिने पाहिली होती. त्या दिवशी बस गेली. मागे कोणी नव्हतं.

तिने दुकानातले दिवे लावले. एक बॅटरी चार्जिंगला लावली, ती उलटी लावली, काढून पुन्हा लावली. रस्त्यावरून ट्रक जात होते, कारखान्यांचा माल भरलेले, आणि प्रत्येक ट्रकच्या झोतात ती रस्त्याची कड पाहत होती. अर्ध्या तासाने कडेकडेने मामा येताना दिसला. गाडी ढकलत. बस चुकली होती. तारापूरपर्यंत तो चालतच जाणार होता, दुखऱ्या गुडघ्याने, टोपलीतल्या उरलेल्या मांदेल्यांसकट.

ती रस्त्यावर गेली आणि तिने हँडल धरलं.

"सोड गो. लोक बघतात."

"आत घ्या गाडी."

"मी काय तक्रार घेऊन आलो नाय."

"मला माहीत आहे. आत घ्या."

"पेट्रोल संपलंय फकस्त!"

तिने किक मारली. गाडी पहिल्याच किकला सुरू झाली, आणि पुढच्या दिव्यात काजव्याएवढा तांबडा ठिपका उमटला. मामाने मान दुसरीकडे वळवली. खोटं पकडलं गेल्याचं दुःख त्याला झालं होतं, तिला नाही. दोघांनी मिळून गाडी आत ढकलली.

नवरा पहिली पाळी करून आलेला, ओट्यावर चहा पीत होता. त्याने गाडीकडे पाहिलं.

"परत आली?"

"मी आणली."

"आली ना पण."

"आली."

एवढंच बोलणं झालं. त्याने कप ठेवला, सीट उघडली, माझी जोडणी पाहिली आणि बराच वेळ डोकं खाजवलं. मग मला खाली बसवून सांगितलं, आणि ते मी आजही तसंच सांगते. या गाडीत दोन घरं आहेत. पुढचा दिवा हा रोजंदारीवाला. इंजिन फिरतं तेव्हा मॅग्नेट वीज करतं, त्यातून थेट मिळेल ते खातो, इंजिन थांबलं की उपाशी. कमी फिरलं की मंद, जास्त फिरलं की लख्ख. हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा ही साठवणीवाली मंडळी. ती बॅटरीच्या डब्यातलं खातात, आणि घास घास खातात. म्हणून बॅटरी एवढीशी, आणि तिच्यात भर घालणारी धारही बारीक. "तू त्या खादाडाला डब्यावर बसवलंस. तासाभरात डबा चाटूनपुसून रिकामा. इंजिनाची ठिणगी वेगळी, ती बॅटरीला विचारत नाही, म्हणून गाडी चालत राहिली आणि ह्यांना घरी जाता आलं. होडीची बॅटरी दोन माणसांनी उचलायची असते, आठवतंय का?"

आठवत होतं. बापाच्या होडीची बॅटरी ती आणि भाऊ मिळूनही उचलू शकले नव्हते. वायर कुठून कुठे जाते तेवढं तिने पाहिलं होतं, वजनाचा विचार कधी केला नव्हता.

पुढच्या दिव्याची वायर पुन्हा इंजिनावर गेली. ती तिनेच जोडली, नवऱ्याने फक्त बल्ब धरला. सुराचा हॉर्न काढून साधा बसवला. मामाला मासळी विकताना उजेड हवा होता, तो गाडीतून घ्यायचाच नाही असं ठरलं. एका भंगारातल्या मोटारीची अजून जीव असलेली बॅटरी आणि एक छोटा बल्ब, टोपलीशेजारी वेगळ्या खोक्यात. सरावलीला जाताना आमच्याकडून चार्ज केलेली घ्यायची, परतताना ठेवून जायची. मामा दिवा लावून गेला तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. अटीचं त्याला त्यांनीच सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तो पापलेटं घेऊन नवऱ्यापुढे उभा राहिला आणि शपथेवर सांगू लागला की त्याच्या गाडीला कधी काही झालंच नव्हतं. "तुमी जावई मानूस, तुमाला खोटं सांगेन?" नवऱ्याने पापलेटं घेतली आणि शपथ परत केली.

खंडेनवमीला मी टेस्टर, पक्कड, चार्जर सगळ्याला हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला कापडवाला आला. त्याने फळ्या धुऊन घेतल्या, उदबत्ती लावली आणि तागे रचले. नवऱ्याने शब्द पाळला, मीही भांडले नाही. ती बत्तीस वर्षांची बाई मात्र न्हाणीघरात जाऊन तासभर रडली. बाहेर येऊन म्हणाली, धूर गेला डोळ्यांत. चूल पेटलेली नव्हती.

चार्जर मागच्या पडवीत गेला. पाटी नाही, शटर नाही, वर पत्रा आणि बाजूला दोरीवर वाळणारे कपडे. मामाची बॅटरी तर रोज असायचीच. आठवड्याभरात ब्रेकचा दिवा नीट करून हवा असलेला एक भय्या आला. मग वाणगावचा एक वाडीवाला बागायतदार आला. त्यांना पुढून वाट सापडायची नाही. ते कापडवाल्याच्या दारात घुटमळायचे, तो हळू आवाजात काहीतरी सांगायचा, ते त्यांना ऐकू जायचं नाही. शेवटी सासूबाई खिडकीतून डोकं काढून ओरडायच्या, "मागनं या, मागनं! नि चपला काढू नका, तिथे ऍसिड सांडलेलं असतं. आनि त्या दोरीवरच्या लुगड्याला हात लावाल तर बघा!"