पप्पांनी कळवलेली हवा

हिमालयातलं हवामान एका सकाळपुरतं माझ्या ताब्यात होतं. माझी पात्रता म्हणाल तर पाटबंधारे खात्यातली नोकरी (म्हणजे आयुष्यभर पाण्याची वाट बघणं) आणि मेघाचा बाप असणं.

मेघा आमची एकुलती एक. कॉलेजात भूगोल शिकवते आणि सुट्टी लागली की डोंगर चढते. तिनं गिर्यारोहणाचं रीतसर शिक्षण घेतलंय. त्या वर्षी तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी स्पितीच्या पार आतलं एक बर्फाचं शिखर निवडलं. त्याला नावसुद्धा नव्हतं, नकाशात नुसता उंचीचा आकडा. आमच्या गारखेड्याच्या घरात सगळा उन्हाळा एकच विषय चालला होता, तो म्हणजे हवामान. पोळा झाला की निघायचं, कारण तोवर तिकडचा पाऊस ओसरलेला असतो आणि थंडी अजून कडक झालेली नसते. मधे थोडे दिवस आभाळ उघडं मिळतं, तेवढ्यात वर जाऊन खाली यायचं. जरा शंका आली की परत फिरायचं, कारण शिखर पुढच्या वर्षीही तिथंच असतं. मला हे सगळं पटलं. माझ्या बायकोला, शोभाला, त्यातलं एवढंच पटलं की आपण दोघांनीही सोबत जायचं.

मेघानं पुष्कळ समजावलं. शेवटी फक्त पायथ्याच्या तळापर्यंत, आणि तेही डॉक्टर हो म्हणाले तर, या अटीवर ती तयार झाली. डॉक्टर हो म्हणाले. मग आम्ही दोघं रोज पाठीवरच्या पिशवीत ज्वारीचं पीठ भरून गोगाबाबा टेकडी चढू लागलो. (फिरायला येणाऱ्यांना वाटायचं, हे म्हातारा-म्हातारी वर गिरणी शोधतायत.)

सांगायचं ते पुढचंच. तळावर पोचलो तेव्हा सगळं धुक्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तंबूची चेन उघडली आणि ते समोर उभं होतं. मी जन्मभर धरणांच्या भिंती बघितल्या, त्यांच्या उंचीचा मला अभिमानही होता. त्या सगळ्या भिंती एकावर एक ठेवल्या असत्या तरी त्याच्या गुडघ्याला लागल्या नसत्या. पांढरं, गप्प, आणि इतकं जवळ की कुणी तरी श्वास रोखून आपल्याकडं बघतंय असं वाटावं. शोभानं डोक्यावरनं पदर घेतला. मी टोपी काढली. मग कान गारठले म्हणून परत घातली.

"ह्याच्यावर चढणार व्हय ही?" शोभा म्हणाली.

मेघा आणि मैत्रिणी वरच्या तंबूत राहायला गेल्या. अडचण एकच होती. वादळ यायचं ते पश्चिमेच्या खिंडीतनं, आणि मधे डोंगराची सोंड आडवी असल्यानं वरच्या तंबूतनं ती खिंड दिसत नव्हती. दिसायची फक्त तळावरनं. म्हणून तळावर त्यांचा मित्र विशाल थांबला होता. पहाटे खिंडीकडं बघायचं आणि वॉकीटॉकीवर हवा कळवायची, एवढंच त्याचं काम. पण उंचीमुळं विशालचं डोकं ठणकायला लागलं. स्वयंपाकी त्याला खालच्या गावात पोचवायला गेला, आणि जाता जाता विशालनं वॉकीटॉकी माझ्या हातात दिली.

मला त्या यंत्राचा फार आनंद झाला. बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणायचं असतं. मी सवयीनं "जयभीम" म्हणायचो आणि पलीकडनं उत्तराची वाट बघायचो. मेघाही बिचारी आधी जयभीम म्हणायची, मग कामाचं बोलायची.

तिघी शिखराकडं निघायच्या त्या पहाटे मी बाहेर आलो, तर खिंडीत ढग आले होते. साधे नव्हेत. काळेभोर, जाडजूड, एकमेकांच्या अंगावर चढणारे, खालच्या कडेला उजेडाची तांबूस किनार. तिकडं गावाकडं सोयगावला माझ्या भावाचा कापूस पावसाविना सुकत होता. निघायच्या दिवसापर्यंत त्याचे फोन चालू होते, तुमच्याकडं आभाळ आलं का म्हणून. आणि इथं सगळ्या मराठवाड्याला पुरेल एवढं आभाळ माझ्यासमोर उभं! माझे डोळे भरून आले. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली.

"पप्पा, खिंडीकडची हवा कशी आहे?"

मी मनापासून म्हणालो, "लई झकास. अशी हवा मी जन्मात बघितली नाय. जयभीम."

मी खोटं बोललो नव्हतो. आमच्याकडं याच हवेला झकास म्हणतात. ज्या माणसानं आभाळ भरून आलेल्या दिवशी जन्मली म्हणून पोरीचं नाव मेघा ठेवलं, त्याला ढगांवर पहारा करायला बसवलं होतं.

शोभा चहा घेऊन बाहेर आली. तिनं खिंडीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि पोरीला काय सांगितलं ते विचारलं. मी सांगितलं. सांगता सांगताच माझ्या ध्यानात आलं आणि मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

वॉकीटॉकीत आता नुसती खरखर होती. शोभानं माझ्या हाताला धरलं आणि आम्ही तळामागच्या दगडगोट्यांच्या उंचवट्यावर निघालो, वर तरी आवाज पोचेल म्हणून. माझ्या पायात चपला होत्या. चार पावलं टाकली की फुप्फुसं संपायची. मागं ते ढग खिंड ओलांडून खाली सांडायला लागले होते, आणि त्यांचा आवाजच नव्हता. एवढी प्रचंड गोष्ट काही न बोलता चालत येताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मला माझ्या पोरीचं लहानपणचं तोंड आठवत होतं, दुसरं काही नाही.

वर पोचल्यावर आवाज लागला. मी ओरडलो, "मेघा, ढग आहेत. काळे ढग."

तिचा आवाज आला, अगदी थंड. "पप्पा, काळे म्हणजे तुमच्याकडचे चांगले, का आमच्याकडचे वाईट?"

"तुमच्याकडचे वाईट," मी म्हणालो.

मग तिनं सांगितलं की त्या तिघी आधीच परत फिरल्यात. तिच्या घड्याळात हवेचा दाब उतरायला लागला होता, आणि झकास हवेत दाब उतरत नसतो हे तिला माहीत होतं. तंबू समोर दिसतोय, काळजी करू नका. मी तिथंच दगडावर बसलो. शोभानं माझ्या हातनं वॉकीटॉकी काढून घेतली आणि स्वतःच्या स्वेटरच्या आत ठेवली. ती मला घरी येईपर्यंत परत मिळाली नाही.

ढग तळावर आणि वरच्या तंबूवरही आले आणि सगळा दिवस बर्फ पडला. कुणी वरनं पीठ चाळावं तसा. मेघाचे निरोप येत राहिले, तिघी सुखरूप होत्या. दुसरा दिवस त्यांनी मुद्दाम तंबूत काढला, पडलेला ताजा बर्फ बसू दिला. तिसऱ्या पहाटे शोभा बाहेर गेली आणि वॉकीटॉकीवर म्हणाली, "निळं आहे. नुसतं निळं. चिंधीसुद्धा नाय." हवामानाचं इतकं नेमकं वर्णन मला कधीच जमलं नसतं.

त्या सकाळी शिखर नव्यानं घडवल्यासारखं दिसत होतं. ऊन वरच्या टोकाला लागलं आणि हळूहळू खाली उतरत आलं. मी दुर्बीण लावली, आणि धारेवर एक काळा ठिपका सापडला. माझी मेघा. एवढ्या मोठ्या पांढऱ्यात एवढीशी. मी शोभाला सांगत राहिलो, आता विसावा घेतीय बघ, किती शांत बसलीय, अजिबात घाई नाही, हे माझ्याकडनं आलंय तिला. बराच वेळ मी तिचा तो संयम डोळे पुसत पुसत बघत होतो.

मग शोभानं दुर्बीण मागितली. ती बघत राहिली, ठिपका दगडासारखा जागचा हलेना, मग हळूच तिनं दुर्बिणीचं तोंड डावीकडं वळवलं आणि तशीच ती माझ्या डोळ्याला लावली. दुसऱ्याच धारेवर, पार टोकाशी, तीन ठिपके दोराला बांधून एकामागं एक सरकत होते. आकाशाला चिकटून. बघता बघता पुढचा ठिपका थांबला, कारण वर जायला काही उरलंच नव्हतं. मी पुन्हा टोपी काढली.

संध्याकाळी तिघी तळावर आल्या. मेघाचं तोंड उन्हानं भाजलेलं, ओठ फुटलेले, डोळे मात्र अजून वरच होते. पहिलंच तिनं विचारलं, "पप्पा, आम्ही दिसलो का?"

मी म्हणालो, स्पष्ट दिसलात.

शोभानं तिच्या हातात चहा दिला. "तुम्ही नुसत्या उठल्या असाल नसाल," ती म्हणाली, "तेव्हापासून ह्यांना दिसत होतात."