मागच्या सीटचा पट्टा

गाडीत मागे बसल्याबरोबर माझा हात सवयीने पट्ट्याकडे गेला. पट्टा सापडला, पण तो अडकवायचं बक्कल नव्या सीट कव्हरखाली दडपलं गेलं होतं. मी बोटांनी चाचपत राहिले.

"अगं, मागे कशाला हवाय पट्टा?" बाबा आरशातून हसले. "मी चालवतोय ना!"

"जर्मनीहून आलीय ती," आई म्हणाली. "आता तुमच्यावर कुठला विश्वास!"

मी कसनुसं हसले आणि हात मांडीवर ठेवले.

तिथले टॅक्सीवाले मागे वळून बघायचे आणि मी पट्टा लावेपर्यंत गाडी हलवायचे नाहीत. त्यात माया नव्हती, पण पट्टा लावला म्हणून कुणाचा अपमानही होत नव्हता. आपल्याकडे भरवसा दाखवायचा तो असा, मोकळं बसून. पण माझा बाबांवर किती भरवसा आहे, हे समोरून येणाऱ्या ट्रकला कसं कळणार?

चौकात पोलीस दिसला, तसा बाबांनी आपला पट्टा छातीवरून ओढला आणि न अडकवताच हाताने धरून ठेवला. पोलीस मागे पडताच सोडून दिला. आई हसली.

पुढे घाट सुरू झाला. मी सरकून बाबांच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. त्याचा काही उपयोग नसतो, हे मला माहीत होतं.